तांब्यावरचा तो काळपट थर पुसू नका

गेल्या महिन्यात भाच्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उघडून एक तरुण तिच्या तांब्याच्या गोल भागावर काळा पॉलिशपेपर घासतो, तो भाग सोन्यासारखा लखलखीत करतो आणि सांगतो, "बघा, चाळीस वर्षांचा मळ निघाला, आता मशीन नव्यासारखं चालणार." ते पाहून माझा जीव कळवळला. पोराची मेहनत खरी होती, जुनी वस्तू वाचवायची तळमळही खरी होती. पण त्याने खरवडून काढला तो मळ नव्हता. तो थर मोटरीने वर्षानुवर्षं फिरून स्वतःसाठी तयार केला होता आणि त्याच्याच जिवावर ती इतकी टिकली होती.

हे मी इतक्या ठामपणे सांगतोय, कारण गेल्या पावसाळ्यात असंच एक मशीन माझ्या टेबलावर उघडून पडलं होतं. आमच्या काकांनी ते १९८६ साली मस्कतहून आत्यासाठी आणलं. जाड पत्र्याचं लांबट पिंप, खाली घसरायला दोन पट्ट्या आणि चौकोनी पिनांचा प्लग. त्या काळात आपल्याकडे व्हॅक्यूम क्लीनर घरात यायचा तो एक तर आखातातून, नाहीतर दारोदार फिरून प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या विक्रेत्याकडून. युरेका फोर्ब्जने १९८२ पासून ही दारावरची विक्री आपल्याकडे रुजवली. आत्या दर शनिवारी अर्धा तास मशीन लावायची, तेही संध्याकाळी, ऑफिसातून आल्यावर. शेजारणी सांगायच्या, "तिन्हीसांजेला केर काढू नये, लक्ष्मी जाते." कंदिलाच्या उजेडात पडलेला दागिना केरातून जाईल, ही भीती एके काळी रास्त असेल. पण विजेचा दिवा आल्यावर तिचं कारणच संपलं. हल्ली त्या रूढीलाही 'यामागे शास्त्र आहे' असं लेबल चिकटवून मेसेज फिरतात, ते मला पटत नाही. आत्यालाही कधी पटलं नाही.

तर हे मशीन मध्येच बंद पडू लागलं. मागच्या जाळीतून निळ्या ठिणग्या दिसायच्या, करपट वास यायचा. दोन दुकानांत एकच उत्तर मिळालं: "आर्मेचर जळालंय, भंगारात द्या." आर्मेचर म्हणजे मोटरीचा आतला फिरणारा भाग. आत्याने ते माझ्याकडे पाठवलं.

मोटरीत शिरण्याआधी या यंत्राच्या नावाबद्दल थोडं बोलू. 'व्हॅक्यूम' म्हणजे निर्वात, पण आत निर्वात असं काही नसतं. घरगुती मशीनचा पंखा आतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा फार तर पाचव्या हिश्श्याने कमी करतो आणि धूळ आत ढकलण्याचं काम बाहेरची हवा करते. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी हा प्रयोग तोंडाने करून पाहिला होता. खुर्चीच्या गादीवर हातरुमाल ठेवून त्यांनी त्यातून जोरात श्वास ओढला आणि रुमालावर धुळीचा डाग उमटला. पुढे त्यांनी बनवलेलं यंत्र घोडागाडीवरून न्यावं लागे. घरात मावणारं विजेचं मशीन बनवलं ते अमेरिकेत ओहायो राज्यातल्या जेम्स मरे स्पँग्लर या सफाई कामगाराने. झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याचा दमा बळावत होता. १९०८ साली त्याला पेटंट मिळालं आणि ते विल्यम हूवर या उद्योजकाने विकत घेतलं.

आता मोटर. पंख्याच्या किंवा पंपाच्या मोटरीला आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वर जाता येत नाही. धूळ ओढायला तेवढा वेग पुरत नाही. म्हणून इथे मिक्सरमध्ये असते तशी मोटर वापरतात. तिच्यात बाहेरची स्थिर गुंडाळी आणि आत फिरणारं आर्मेचर यांतून एकच प्रवाह एकामागोमाग एक वाहतो. वीज उलटली की दोन्हींतला प्रवाह एकदमच उलटतो, त्यामुळे फिरण्याची दिशा तीच राहते. या मोटरीला वेगाची ठरलेली मर्यादा नसते. भार कमी झाला की ती सुसाट सुटते. नळीचं तोंड तळहाताने बंद करा, आवाज चढतो. बहुतेकांना वाटतं की मोटरीला जोर लागतोय. खरं तर उलटं होतं. हवाच वाहत नसल्याने पंख्याला काम उरत नाही, मोटर हलकी होते आणि वेगाने फिरते. तरीही नळी तुंबलेली ठेवू नये, कारण बहुतेक जुन्या मशीनमध्ये हीच ओढलेली हवा मोटरीला थंड करते.

फिरणाऱ्या आर्मेचरला वीज पोचवायची कशी? त्याच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा एक गोल असतो, त्याला कॉम्युटेटर म्हणतात. प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकासारखा विद्युतरोधक असतो. दोन बाजूंनी कार्बनचे, म्हणजे मुख्यतः ग्रॅफाइटचे, दोन ठोकळे स्प्रिंगच्या जोराने या गोलावर टेकलेले असतात. मिक्सर दुरुस्त करणारे 'कार्बन गेले' म्हणतात, ते हेच.

या टेकण्याची कल्पना यावी म्हणून आकडे मांडून पाहू. आत्याच्या मशीनचा कॉम्युटेटर २५ मिलिमीटर व्यासाचा आहे. मिनिटाला २०,००० फेऱ्या धरल्या, तर तांब्याचा पृष्ठभाग सेकंदाला २६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ९४ किलोमीटर वेगाने कार्बनखालून सरकतो. असे कार्बन साधारण ५०० ते १००० तास टिकतात. १००० तास धरले तर ९४,००० किलोमीटरचं घासणं झालं, पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घालूनही उरेल इतकं. आणि एवढ्या प्रवासात दोन-अडीच सेंटिमीटर कार्बन झिजतो! आठवड्याला अर्धा तास म्हणजे वर्षाला २६ तास. जवळजवळ चाळीस वर्षांत हजार तास भरतात. आत्याचे कार्बन आता संपत आले, यात नवल काहीच नव्हतं.

मग इतकं घासूनही झीज इतकी कमी का? 'ग्रॅफाइट मुळातच निसरडं असतं, त्याचे थर पत्त्यांसारखे एकमेकांवरून सरकतात,' हे उत्तर आपण शाळेत शिकलो. ते अपुरं आहे, आणि हे कळलं ते विमानांमुळे. दुसऱ्या महायुद्धात विमानं जास्त उंचीवर उडू लागली, तेव्हा त्यांच्या जनरेटरमधले कार्बन काही तासांतच भुगा होऊन संपायला लागले. तेच कार्बन जमिनीवर महिनोन्‌महिने टिकत. जनरल इलेक्ट्रिकमधल्या सॅव्हेज या संशोधकाने १९४०च्या दशकात दाखवून दिलं की ग्रॅफाइटला निसरडेपण येतं ते हवेतल्या पाण्याच्या वाफेमुळे. ग्रॅफाइटच्या थरांच्या कडांवर कार्बनचे अर्धवट मोकळे बंध असतात आणि समोर जे येईल त्याला ते चिकटू पाहतात. वाफेचे रेणू या कडांवर बसून ते बंध शमवतात. वाफ नसेल तर ग्रॅफाइट तांब्यावर पॉलिशपेपरसारखं खरखरतं. नऊ किलोमीटर उंचीवर, उणे ४० अंशांच्या आसपास, एक घनमीटर हवेत वाफ मावते जेमतेम दशांश ग्रॅम. पुण्यात मे महिन्याच्या कोरड्या दुपारी, ३८ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असतानाही, ती सात ग्रॅमच्या आसपास असते. विमानांसाठी शेवटी कार्बनमध्ये धातूंचे काही क्षार मिसळावे लागले. अंतराळात तर ग्रॅफाइटच्या वंगणावर भरवसा ठेवताच येत नाही.

हीच वाफ, थोडं ग्रॅफाइट आणि तांब्याचं ऑक्साइड मिळून कॉम्युटेटरवर एक पातळ थर धरतो. केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ, रंगाने चॉकलेटी किंवा करडा-काळपट. कार्बन प्रत्यक्षात तांब्यावर घासतच नाही, या थरावर घासतो. तोच पॉलिशपेपरने काढला, तर नवा थर धरेपर्यंत कार्बन भराभर झिजतात. त्यात काळ्या पॉलिशपेपरचे कठीण कण मऊ तांब्यात रुतून बसले, तर ते पुढे कित्येक तास कार्बन कातरत राहतात.

कार्बनचं दुसरं काम मला याहून मोहक वाटतं. आधीच्या काळात इथे तांब्याच्या तारांचे खरोखरचे ब्रश असत, 'ब्रश' हे नाव तिथूनच आलं. १८८५ मध्ये जॉर्ज फोर्ब्ज या स्कॉटिश अभियंत्याने त्यांच्या जागी कार्बन सुचवला. तांबं उत्तम वाहक असताना कमी प्रतीचा वाहक का घालायचा? कार्बन एकाच वेळी दोन शेजारच्या पट्ट्यांवर टेकतो, तेव्हा त्या दोन पट्ट्यांमधली गुंडाळी क्षणभर शॉर्ट होते आणि तेवढ्या वेळात तिच्यातल्या प्रवाहाला दिशा बदलायची असते. २४ पट्ट्या असतील तर सेकंदाला ८००० पट्ट्या कार्बनखालून जातात, म्हणजे एका पट्टीच्या वाट्याला १२५ मायक्रोसेकंद येतात. गुंडाळीचं प्रेरकत्व या बदलाला विरोध करतं. कार्बन आणि तांबं यांच्या सांध्यातला रोध इथे उपयोगी पडतो. मागची पट्टी कार्बनखालून निसटू लागते, तसा तिच्यावरचा स्पर्श अरुंद होतो, तिथला रोध वाढतो आणि प्रवाह आपोआप पुढच्या पट्टीकडे वळतो. हे वळणं अपुरं राहिलं की उरलेला प्रवाह हवेतून उडी मारतो, तीच ठिणगी. त्यात आपली वीज सतत उलटसुलट होणारी, त्यामुळे शॉर्ट झालेल्या त्या गुंडाळीत ट्रान्सफॉर्मरसारखा आणखी एक विद्युतदाब तयार होतो आणि तो या उपायाने पुरता जात नाही. म्हणून अशा मोटरीत कार्बनच्या कडेला बारीक निळ्या ठिणग्या निरोगी असतानाही दिसतात. त्या पाहून मोटर गेली असं समजू नये. पिवळट, लांब, गोलाभोवती फिरणारी आगीची रेघ दिसली तर मात्र मशीन तिथेच बंद करा.

आता आत्याच्या मशीनकडे. प्लग काढून, झाकणाचे चार स्क्रू सोडून मोटर बाहेर घेतली. एक कार्बन सहा मिलिमीटर उरला होता, दुसरा नऊ. नवे असताना ते तीस मिलिमीटरच्या वर असावेत. स्प्रिंग पूर्ण ताणून झाली होती, कार्बन नुसता थरथरत टेकत होता. कॉम्युटेटर सगळीकडे सारखा चॉकलेटी होता. एखाद-दुसरी पट्टीच काळीकुट्ट जळलेली असती, तर तिथली गुंडाळी तुटल्याचा संशय घेतला असता. मल्टीमीटरने लागोपाठच्या पट्ट्या तपासल्या, सगळ्यांचं वाचन सारखंच आलं. आर्मेचर धडधाकट होतं. भिंगातून पाहिलं तेव्हा खरा दोष सापडला: पट्ट्यांमधलं अभ्रक किंचित वर आलं होतं. अभ्रक तांब्याहून हळू झिजतं, शेवटी त्याचा उंबरठा तयार होतो आणि कार्बन त्यावरून उड्या मारतो. हॅकसॉच्या पात्याचा तुकडा घासून बारीक केला आणि एकेक खाच अर्धा मिलिमीटर खोल केली. २४ खाचांना अख्खी संध्याकाळ गेली. कडांचे कंगोरे नायलॉनच्या कडक ब्रशने काढले. थराला मात्र हात लावला नाही.

मूळ मापाचे कार्बन पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, तपकीर गल्लीत, मिळाले नाहीत. थोडे मोठे घेऊन काचेवर पॉलिशपेपर पसरून त्यावर घासले आणि खोबणीत सहज सरकतील इतके केले. दुकानदार तांबूस झाक असलेलेही दाखवत होता. ते तांबेमिश्रित, गाडीच्या सेल्फ-स्टार्टरसाठी असतात. त्यांचा रोध इतका कमी असतो की वर सांगितलेलं प्रवाह वळवण्याचं काम त्यांना जमत नाही. काळेच घ्या. सिलिकॉनचा स्प्रेही मोटरीच्या आसपास मारू नका. त्याची वाफ कार्बनखाली पोचली की कार्बन झपाट्याने झिजतात.

दोन्ही बेअरिंग बदलली, त्यातलं एक ६०८ नंबरचं, स्केटिंगच्या चाकांत असतं तेच. ग्रीस सुकून त्याचा खडा झाला होता. वायरीचं रबर तडकलेलं होतं, ते बदलून अर्थिंग पत्र्याच्या अंगाला नीट जोडलं. पत्र्याच्या जुन्या मशीनमध्ये हे काम सगळ्यांत आधी करावं. कुणाला मोटर चालली नाही तर चालेल, पण अंगात वीज उतरता कामा नये.

ओढ मोजायला गवंड्याची पारदर्शक लेव्हलची नळी घेतली. एक टोक बादलीत सोडलं आणि दुसरं मशीनच्या नळीला बुचातून घट्ट बसवून गच्चीच्या जिन्यावर तीन मीटर उंच धरलं. पाणी मोटरीत जाऊ नये म्हणून एवढी उंची. दुरुस्तीआधी पाणी १ मीटर २० सेंटिमीटर चढलं होतं. आता पाच सेकंदांत १ मीटर ७५ सेंटिमीटरवर जाऊन थांबलं. खोक्यावरच्या '२००० वॅट'च्या आकड्यापेक्षा ही नळी जास्त खरं सांगते. वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं, किती ओढतं ते नव्हे. युरोपीय संघाने २०१७ पासून ९०० वॅटच्या वरचे नवे घरगुती व्हॅक्यूम क्लीनर बाजारात आणण्यावर बंदीच घातली.

नवे कार्बन लगेच पूर्ण वेगाला चालवायचे नसतात. टोक गोलाला नीट बसेपर्यंत ते अर्ध्या भागावरच टेकतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायचं उपकरण, आणून मशीन ११० व्होल्टवर अर्धा तास चालवलं, मग आत्याकडे पोचतं केलं. सहा शनिवार गेल्यावर मी पुन्हा झाकण काढून पाहिलं. कार्बनच्या टोकाला तांब्याच्या गोलाईची आरशासारखी खोबण पडली होती. खाचांच्या कडांना उघडं पडलेलं गुलाबी तांबं दिसत नव्हतं, तिथेही चॉकलेटी रंग चढला होता.