कर्जात जन्मलेली धर्मवसाहत : विल्यम ब्रॅडफर्ड आणि प्लिमथ

अमेरिकेतल्या प्लिमथ या इंग्रज वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड आज आठवतो तो थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणापुरता. पण त्या सणाचे मूळ मानल्या जाणाऱ्या 1621च्या मेजवानीची हकिगत वसाहतीतल्याच एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात आहे. ब्रॅडफर्डने लिहिलेल्या वसाहतीच्या इतिहासात त्या हंगामातली मासळी आणि रानटर्की आहेत, मेजवानी नाही. त्याची पाने अडवली आहेत ती हिशेबाने : लंडनच्या भांडवलदारांचे देणे, कातड्यांचे भाव, कोणी कुठे हात मारला. त्याच्या श्रद्धेची पारखही तिथेच होते.

जन्म 1590चा, यॉर्कशायरमधल्या ऑस्टरफील्डचा. आईवडील लहानपणीच गेले, चुलत्यांनी वाढवले. किशोरवयातच तो स्क्रूबी गावी विल्यम ब्रूस्टरच्या घरी भरणाऱ्या गुप्त धर्ममंडळीत जाऊ लागला. राजाच्या चर्चमध्ये राहून ते सुधारू म्हणणारे प्युरिटन वेगळे. या मंडळींनी ते चर्चच सोडले होते आणि तो गुन्हा होता. 1607मध्ये लिंकनशायरमधल्या बॉस्टनहून पळून जाताना जहाजाच्या कप्तानाने भाडे घेऊन त्यांना सरकारी माणसांच्या हवाली केले. पुढच्या वर्षी ती माणसे हॉलंडला पोहोचली. लायडनमध्ये ब्रॅडफर्ड फस्टियन विणायचा : लिननचा ताणा, सुताचा बाणा असे जाड कापड.

अमेरिकेला जायला पैसा हवा होता. तो थॉमस वेस्टन आणि त्याच्या लंडनमधल्या भागीदारांनी लावला. सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येक माणसाचा 10 पौंडांचा एक हिस्सा, सात वर्षे सगळी कमाई सामाईक, मग वाटणी. आठवड्यातले दोन दिवस स्वतःच्या कामाला मिळावेत आणि घरे वाटणीतून वगळावीत, ही वसाहतकरांची अट वेस्टनने काढून टाकली. साउदॅम्प्टनला त्यांनी सही नाकारली, तसा तो शेवटचे पैसे न देताच निघून गेला. बंदराचे देणे भागवायला या लोकांनी बरोबरच्या लोण्याची साठ-ऐंशी पिंपे विकली.

‘मेफ्लॉवर’ 102 प्रवासी घेऊन 6 सप्टेंबर 1620ला निघाले (तारखा तेव्हाच्या इंग्रजी पंचांगाच्या, आजच्यापेक्षा दहा दिवस मागे). डिसेंबरात ब्रॅडफर्ड किनारा पाहायला गेला असताना पत्नी डोरोथी जहाजावरून पडून बुडाली. तिच्याबद्दल त्याने इतिहासात जवळजवळ काहीच लिहिले नाही. वसंतापर्यंत निम्मी माणसे दगावली. एप्रिलमध्ये गव्हर्नर जॉन कार्व्हर वारला आणि ब्रॅडफर्ड निवडून आला. मध्ये पाच वर्षे सोडली तर मरेपर्यंत पद त्याच्याकडेच राहिले.

वसाहत वसली ती मूलनिवासी लोकांच्या पॅटक्सेट गावाच्या मोकळ्या शेतांवर. ते गाव नुकतेच साथीत ओस पडले होते. त्यातला वाचलेला टिस्क्वांटम याने इंग्रजांना मका लावायला शिकवले. जमीन जुनी, कस गेलेली. एप्रिलच्या मध्यास ओढ्यात चढणारी मासळी आळ्यात पुरल्याशिवाय पीक यायचे नाही. त्या वर्षी वीस एकर मका साधला. इंग्लंडहून आणलेले वाटाणे उशिरा पेरल्याने फुलोऱ्यातच करपले.

नोव्हेंबरात ‘फॉर्च्यून’ जहाज 35 माणसे घेऊन आले, धान्य जवळपास नाहीच. वर वेस्टनचे पत्र : जहाज रिकामे का पाठवलेत? ब्रॅडफर्डने कळवले की माणसे मेली त्याची किंमत कशानेही भरून येणार नाही. आणि सुमारे 500 पौंडांचा माल, बिव्हरची कातडी आणि लाकूड, परतीच्या जहाजात भरला. तो वाटेत फ्रेंचांनी लुटला. त्याच नाताळात नव्या लोकांनी सांगितले, आजच्या दिवशी काम करणे आमच्या सदसद्विवेकाला पटत नाही. ब्रॅडफर्डने त्यांना सोडले. दुपारी परतून पाहतो तो मंडळी रस्त्यात चेंडू खेळताहेत! त्याने साहित्य काढून घेतले : सण भक्तीचा असेल तर घरात बसून पाळा, इतर राबत असताना खेळणे माझ्या सदसद्विवेकाला पटत नाही.

1623मध्ये अन्न पुरेना, तेव्हा त्याने मक्यासाठी प्रत्येक कुटुंबाला वेगळी जमीन दिली. बायकामुलेही शेतात उतरली, लागवड वाढली. याला ‘साम्यवादाचा पराभव’ म्हणण्याची फॅशन आहे, ती अर्धीच खरी. सामाईक मालकी नको असे ब्रॅडफर्डने स्वतःच ठणकावून लिहिले, ती सुचवणाऱ्या प्लेटोलाही चिमटा काढला. पण ती व्यवस्था धर्मातून नव्हे, गुंतवणूकदारांच्या करारातून आली होती. शिवाय जमीन दिली ती कसण्यापुरती, वारसाहक्काने नव्हे.

पुढे भागीदारांचे सगळे हिस्से 1,800 पौंडांना विकत घ्यायचे ठरले, दरसाल 200 पौंडांच्या नऊ हप्त्यांनी. 1627मध्ये ब्रॅडफर्डसह आठ जणांनी देणे अंगावर घेतले. बदल्यात सहा वर्षे कातड्यांच्या व्यापाराचा मक्ता. लंडनला पाठवलेला मुखत्यार आयझॅक ॲलर्टन वसाहतीच्या नावावर स्वतःचाही माल भरू लागला, आणि टनावारी कातडी जाऊनही कर्ज फिटेना. हिशेब मिटायला 1640चे दशक उजाडावे लागले. ॲलर्टन ब्रूस्टरचा जावई. ब्रूस्टरला वाईट वाटू नये म्हणून बरेच दिवस दुर्लक्ष झाले, असे ब्रॅडफर्डच लिहितो.

हीच श्रद्धा शेजाऱ्यांच्या बाबतीत कठोर होती. वाम्पानोआग या मूलनिवासी लोकांचा प्रमुख मॅसासॉइट याच्याशी 1621चा तह त्याने पाळला. पण 1637मध्ये इंग्रजांनी मिस्टिकला पिक्वॉट लोकांचे गाव बायकापोरांसह जाळले, त्या दृश्याचे वर्णन त्याने देवाला वाहिलेला यज्ञबळी म्हणून केले. प्लिमथचे लोक त्यात नव्हते, म्हणून शब्द सौम्य होत नाहीत.

धर्ममंडळी मात्र फुटली ती भरभराटीने. 1627च्या वाटणीत प्रत्येक हिश्शाला वीस एकर आले; गुरे 156 माणसांच्या बारा गटांत वाटली गेली. 1630नंतर शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये इंग्रजांचे लोंढे आले आणि गुरांचे भाव कडाडले. गुरांना कुरण हवे, कुरणासाठी लोक खाडीपलीकडे डक्सबरीला गेले, आणि रविवारी चर्चला येणे लांब पडते म्हणून तिथे वेगळी मंडळी मागू लागले. 1644मध्ये बरीच जुनी कुटुंबे केप कॉडवरच्या नॉसेटला निघून गेली. मुलांनी टाकलेल्या म्हाताऱ्या आईसारखी मंडळीची गत झाली, हे ब्रॅडफर्डचे गाऱ्हाणे. जाणाऱ्यांत थॉमस प्रेन्स होता. 1657च्या मे महिन्यात ब्रॅडफर्ड वारल्यावर गव्हर्नरपद त्याच्याकडेच गेले.