पानांचा मासा, पण झाड नव्हे

आयर्विन पुलाखाली पाणी चढायला लागलं की आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक जुना व्हिडिओ हमखास उगवतो: ‘अर्धं झाड, अर्धा मासा! पानांनी उन्हातून अन्न बनवतो. कृष्णेत सापडला.’

कृष्णेत नाही हो. हा लीफी सीड्रॅगन, समुद्रघोड्याचा भाऊबंद. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यालगतच्या थंड, खाऱ्या पाण्यातला. जगात दुसरीकडे कुठंच नाही. गोड्या पाण्यात तो जगायचाच नाही.

आणि ती ‘पानं’? कातडीचे नुसते फाटे. बेंदराला बैलावर झूल टाकतो तशी. दिसायला भारी, ओढायच्या कामाची नाही. समुद्रशेवाळात लपायला मात्र बेस्ट. तोच व्हिडिओ पुन्हा नीट बघा: मानेजवळ आणि पाठीवर मागच्या बाजूला काचेसारखे पारदर्शक पर थरथरताना दिसतील. तो पोहतो त्यांवर. पानं नुसती डुलतात.

ऊन खाऊन कसला जगतोय! दात नाहीत, पण नळीसारख्या तोंडानं जवळ्यासारखे बारीक जीव सुर्रकन ओढतो.

खरं नवल त्या मेसेजमध्ये नाहीच. मादी अंडी देते ती नराच्या शेपटीखाली, 250 च्या आसपास, गुलाबी. पिल्लं बाहेर येईस्तोवर ती घेऊन बापच हिंडतो.