शेवटची पोस्ट रात्री एकला, पहिला लाइक सकाळी सातला

झोप मोजायची रीतसर पद्धत म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून माणसाला रात्रभर प्रयोगशाळेत झोपवणं. एका माणसासाठी ते ठीक आहे. लाखो माणसांची झोप वर्षभर मोजायची तर तसं करणं अशक्य, आणि विचारून घ्यावं तर 'साधारण सात तास होते' असं ठोकळ उत्तर मिळतं. म्हणून गेल्या दीड दशकात संशोधकांनी सोशल मीडियाकडे मोर्चा वळवला. तिथे प्रत्येक पोस्टवर, प्रत्येक लाइकवर वेळ आपोआप नोंदलेली असते.

समजा, कुणाची शेवटची कमेंट रात्री १.१० ची आहे आणि पहिला लाइक सकाळी ६.५० चा. मधे ५ तास ४० मिनिटांची शांतता. यावरून खात्रीने एवढंच म्हणता येतं, की सलग झोप याहून जास्त झालेली नाही. कमी मात्र नक्कीच झालेली असू शकते, कारण फोन बाजूला ठेवून तासभर छताकडे बघत पडलेल्या माणसाची कुठेच नोंद होत नाही. आणि जो आठवड्यातून दोनदाच काही लिहितो, त्याच्या शांततेतून तर काहीच कळत नाही. थोडक्यात, एकट्यादुकट्या रात्रीला फारसा अर्थ नाही. पुष्कळ माणसांच्या पुष्कळ रात्री एकावर एक ठेवल्या की मग पहाटेचा खळगा, म्हणजे पोस्ट-लाइक सगळ्यात कमी होतात ती वेळ, स्पष्ट दिसू लागतो.

हा खळगा सुट्टीच्या दिवशी उशिराकडे सरकतो. कामाच्या दिवसांचं घड्याळ आणि शरीराचं घड्याळ यांच्यातल्या या तफावतीला जर्मन कालजीवशास्त्रज्ञ टिल रोनेबर्ग यांनी 'सोशल जेटलॅग' म्हटलं. शिकागो विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ट्वीटच्या वेळा तपासल्या, तेव्हा ही तफावत ऋतूप्रमाणे बदलताना दिसली. गंमत म्हणजे या बदलामागे सूर्यापेक्षा शाळांच्या वेळापत्रकाचा हात मोठा निघाला.

मला सगळ्यात आवडलेला अभ्यास मात्र बास्केटबॉलचा आहे. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ११२ खेळाडूंचे ट्वीट त्यांच्या सामन्यांच्या आकड्यांशी ताडून पाहिले गेले. रात्री ११ ते सकाळी ७ या वेळात ट्वीट केल्यानंतरच्या सामन्यात खेळाडूचे गुण सरासरी एकाने कमी भरले आणि बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची टक्केवारीही घसरली. फरक लहान आहे, पण इथे जागरणाचा परिणाम मोजायला कुणाच्या आठवणीवर विसंबावं लागलं नाही.

मनःस्थितीसाठी वेळेच्या जोडीला शब्द लागतात. स्कॉट गोल्डर आणि मायकेल मेसी यांनी २०११ मध्ये ८४ देशांतल्या सुमारे २४ लाख लोकांचे ५० कोटींहून अधिक ट्वीट चाळले. आनंदाचे शब्द सकाळी चढतात, दिवसभर उतरतात, रात्री पुन्हा वर येतात. सुट्टीच्या दिवशी सकाळचा चढ साधारण दोन तास उशिरा येतो. संयुक्त अरब अमिरातीत तेव्हा शुक्रवार-शनिवारी सुट्टी असे, तर तिथे हा उशीर त्याच दिवसांत दिसला.

गर्दीबद्दल हे सगळं छान चालतं. एका माणसापाशी आलं की गाडी अडते. मुनमुन डी चौधरी आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधले त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये नैराश्याची चिन्हं शोधली: रात्री वाढलेली वर्दळ, इतरांशी कमी झालेला संवाद, 'मी'चा वाढलेला वापर. त्यांचं मॉडेल सुमारे ७० टक्के अचूक ठरलं. ऐकायला भारदस्त वाटतं, पण जरा हिशोब करून बघा. हजार माणसांत ५० जणांना नैराश्य आहे असं धरू. दोन्ही बाजूंनी ७० टक्के अचूक असलेली चाचणी त्यातले ३५ जण पकडेल, आणि उरलेल्या ९५० धडधाकट माणसांपैकी २८५ जणांवर उगाच शिक्का मारेल. म्हणजे इशारा दिलेल्या दर नऊ माणसांत खरा आजारी जेमतेम एक. रात्रपाळी करणारा, तान्ह्या बाळाची आई, परदेशातल्या मित्राशी गप्पा मारणारा, सगळे एकाच जाळ्यात.

शब्दांचे निकष सगळीकडे सारखे लागू पडत नाहीत, ही आणखी एक अडचण. २०२४ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात 'मी'चा वाढता वापर आणि नैराश्य यांचा संबंध गोऱ्या लोकांत दिसला, कृष्णवर्णीयांत नाही. मराठीत तर 'झोपच लागत नाही' असं 'मी' किंवा 'मला' न म्हणताच लिहिलं जातं, तिथे मोजणार काय?

आणि मोजायची परवानगी कुणाची? फिलाडेल्फियातल्या एका गटाने २०१८ मध्ये ६८३ रुग्णांच्या फेसबुक पोस्ट त्यांच्या वैद्यकीय नोंदींशी ताडल्या. डॉक्टरांनी नैराश्याचं निदान नोंदवण्याच्या तीन महिने आधीपासूनच पोस्टमध्ये त्याची काही चिन्हं सापडली. पण तिथे प्रत्येक रुग्णाने आधी संमती दिली होती. याउलट ब्रिटनमध्ये आत्महत्या टाळण्यासाठी हेल्पलाइन चालवणाऱ्या समॅरिटन्स या संस्थेने ऑक्टोबर २०१४ मध्ये 'रडार' नावाचं ॲप काढलं. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांच्या ट्वीटमध्ये चिंताजनक शब्द आले की ते तुम्हाला ईमेल पाठवायचं. ज्याच्यावर नजर होती त्याला याचा पत्ताच नसे. अशा माणसाचं दुखणं त्याला छळणाऱ्यालाही कळेल, अशी ओरड झाली आणि पंधरा दिवसांच्या आतच ॲप थांबवावं लागलं. हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण माझ्या मते ही मोजणी वापरायचीच असेल तर ती त्या माणसाच्या संमतीने, आणि त्याची तुलना इतरांशी न करता त्याच्याच गेल्या महिन्याशी करावी. नेहमी अकराला शांत होणारा माणूस सलग दोन आठवडे तीनपर्यंत जागा दिसला, तर त्याला निदानाची नव्हे, 'बरा आहेस ना?' एवढ्या चौकशीची गरज असते.