डिस्क डोलते आहे की तिची जाडी बदलली आहे?

ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडतं, स्टीअरिंग थरथरतं. यावर सर्रास होणारं निदान म्हणजे ‘डिस्क वाकली’. (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी. ब्रेक लावला की दोन बाजूंचे पॅड तिला दाबून धरतात.) मग पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड घरीच बदलले जातात, थरथर जाते, आणि काही हजार किलोमीटरनंतर तीच पुन्हा सुरू होते. बोल लागतो नव्या डिस्कला. खरं तर इथे दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळलेले असतात. एकात डिस्क फिरताना आत-बाहेर डोलते. त्याला रनआउट म्हणतात. दुसऱ्यात डिस्कची जाडीच सगळीकडे सारखी राहिलेली नसते.

पायाला जाणवतो तो बहुतेक वेळा दुसरा. बहुतेक गाड्यांचा पुढचा कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा चिमटा, पिनांवर सरकणारा असतो. डिस्क डोलली, तरी तिच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला सरकतात आणि कॅलिपरही त्यांच्याबरोबर सरकतो. दोन पॅडमधलं अंतर तेवढंच राहतं, त्यामुळे पेडलला फारसं कळत नाही. (पिना सुकून जाम झाल्या असतील तर मात्र कळतं, म्हणून त्या काढून साफ करायच्या आणि ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायचं.) पण डिस्कचा जाड भाग पॅडमध्ये आला, की पॅड एकमेकांपासून दूर ढकलले जातात, त्यांना दाबणारा पिस्टन मागे सरकतो, ब्रेक ऑइल उलटं पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरकडे रेटलं जातं आणि तो धक्का थेट पायाला लागतो. चाकाच्या प्रत्येक फेरीला पुन्हा तेच.

मग डोलणाऱ्या डिस्कची काळजी कशाला करायची? कारण जाडीतला फरक बऱ्याचदा तिच्यामुळेच तयार होतो. ब्रेक सोडलेला असतानाही डोलणाऱ्या डिस्कची उंच जागा दर फेरीला पॅडला हलकेच घासून जाते. नेहमीच्या आकाराचं चाक एका किलोमीटरला पाचशेच्या वर फेऱ्या मारतं. प्रत्येक फेरीत तीच जागा घासली जाते. काही पॅड तिथे लोखंड खातात, काही स्वतःच्या मालाचा थर तिथे चढवतात. म्हणून नव्या डिस्कवर सुरुवातीला काहीच जाणवत नाही. दोष बसवण्याच्या दिवशीच घुसलेला असतो, तो उमटायला वेळ लागतो.

जाडीतला फरक दुसऱ्या वाटेनेही येतो. जोरात ब्रेक लावून गाडी थांबवली आणि तापलेल्या डिस्कवर पेडल तसंच दाबून ठेवलं, की पॅडचा ठसा तिथे उमटू शकतो. नेहमीच्या वापरात उष्णतेने डिस्क खरोखर वेडीवाकडी होणं मला तरी त्यामानाने दुर्मीळच वाटतं.

दोन्ही दोष मोजायची साधनंही वेगळी. रनआउट डायल गेजने, म्हणजे टोकाची बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापाने, मोजतात. चाक काढल्यावर डिस्क नुसती लटकत ठेवायची नाही. नटांखाली वॉशर घालून ती हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या फिरत्या भागावर) घट्ट आवळायची. गेज सस्पेन्शनच्या पक्क्या भागावर बसवायचा, टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून साधारण 10 मिलिमीटर आत टेकवायचं आणि डिस्क सावकाश एक फेरी फिरवायची. मर्यादा गाडीगणिक बदलते, पण 0.05 मिलिमीटरच्या आसपासची मर्यादा बऱ्याच ठिकाणी दिसते. चाकाच्या बेअरिंगला खेळ, म्हणजे ढिलेपणा, असेल तर हा आकडा बिनकामाचा. म्हणून बेअरिंग आधी तपासावं.

जाडी मायक्रोमीटरने, गोलाकार आठ ठिकाणी, कडेपासून तेवढ्याच अंतरावर मोजायची. इथे वर्निअर कॅलिपर चालत नाही. त्याचे जबडे डिस्कच्या न झिजलेल्या कडेवर अडतात, शिवाय नेहमीच्या वर्निअरचं लघुत्तम माप 0.02 मिलिमीटर असतं, तर थरथर त्याहून कमी फरकानेही सुरू होऊ शकते. डिस्कवर कोरलेली किमान जाडी वेगळी गोष्ट आहे. ती डिस्क किती झिजू द्यायची ते सांगते, ती सारखी झिजली की नाही ते सांगत नाही.

रनआउट जास्त निघाला तर लगेच डिस्कला दोष देऊ नका. सर्वांत उंच जागेवर खडूने खूण करा, हबवरही खूण करा, डिस्क काढून एक-दोन भोकं फिरवून पुन्हा आवळा आणि परत मोजा. उंच जागा डिस्कबरोबर सरकली तर दोष डिस्कचा. ती हबच्या खुणेपाशीच राहिली तर दोष हबचा, आणि तिथे बहुधा गंज सापडतो. डिस्कचा व्यास हबच्या तबकडीच्या साधारण दुप्पट असतो, म्हणून हबच्या कडेला अडकलेली गंजाची खपली डिस्कच्या कडेला सुमारे दुप्पट डोल देते. वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने हब चकाकेपर्यंत घासणं, विशेषतः बोल्टांच्या मुळाशी, हे या सगळ्या कामातलं सर्वांत मोलाचं काम आहे. नेमकं तेच घाईत सुटतं. चाकाचे नटही समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यापर्यंतच आवळावेत. वेडावाकडा ताण डिस्कला तिरकी करतो.

जाडीतला फरक मात्र कितीही घासलं तरी हबवरून जात नाही. त्याला डिस्क लेथवर कातून सपाट करून घ्यावी लागते आणि त्यानंतर ती किमान जाडीच्या खाली जाणार असेल तर बदलावी लागते. डाव्या-उजव्या दोन्ही चाकांची, नव्या पॅडसह. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसा आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. मग मोकळ्या रस्त्यावर मध्यम जोराने वेग कमी करण्याच्या आठ-दहा फेऱ्या करा, पूर्ण न थांबता, आणि शेवटी ब्रेक न लावता थोडं अंतर चालवून डिस्क थंड होऊ द्या. पॅडच्या खोक्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा.