क्लॅमशेल वेष्टन

क्लॅमशेल वेष्टन : कडक, पारदर्शक प्लॅस्टिकच्या दोन खोलगट भागांमध्ये वस्तू ठेवून कडा सांधून बंद केलेले विक्रीवेष्टन. पेन ड्राइव्ह, इअरफोन, टूथब्रश, दाढीची पाती, हत्यारे, खेळणी अशा वस्तू यात येतात. दोन्ही भाग एकाच पत्र्यातून काढलेले व मधल्या घडीने जोडलेले असतात. ही घडी बिजागरीचे काम करते आणि वेष्टन शिंपल्यासारखे मिटते, म्हणून हे नाव. आपल्याकडे दुकानदार याला सरसकट ‘ब्लिस्टर पॅकिंग’ म्हणतात. तांत्रिकदृष्ट्या ब्लिस्टरमध्ये प्लॅस्टिकचा फुगवटा पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो, तर क्लॅमशेलच्या दोन्ही बाजू प्लॅस्टिकच्याच असतात. उघडायला बसले की हा फरक हातालाच कळतो. ब्लिस्टरचा पुठ्ठा मागून फाडता येतो. चारही बाजूंनी सांधलेल्या क्लॅमशेलला अशी कच्ची बाजू नसते.

उगम : या वेष्टनाचे जनकत्व अनेक संदर्भांत टॉमस जेक लन्सफर्ड यांना व १९७८ या वर्षाला दिलेले आढळते. ही तारीख जपूनच घ्यावी लागते. बिजागरीने मिटणारे फोमचे बर्गरचे डबे अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या मध्यावरच वापरात आले होते (मॅकडॉनल्ड्सने तेथे ते बंद करण्याचे १९९० मध्ये जाहीर केले), म्हणजे हा आकार १९७८ पूर्वीचाच ठरतो. नावावरूनही काळ काढता येत नाही, कारण गाळ उपसणाऱ्या यंत्राच्या दोन जबड्यांच्या बादलीला इंग्रजीत हेच नाव आधीपासून होते. प्लॅस्टिकचा पत्रा तापवून निर्वाताच्या जोरावर साच्यावर ओढण्याचे तंत्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांचे पारदर्शक घुमट आणि डोंगर-दऱ्या उंचसखल दाखवणारे उठावाचे नकाशे बनवण्यासाठी वापरले गेले. पीव्हीसी (पॉलिव्हिनिल क्लोराइड) या प्लॅस्टिकचा कडक पत्रा स्वस्त झाल्यावर ते वेष्टनात उतरले. क्लॅमशेल हा एका व्यक्तीचा शोध मानण्यापेक्षा पत्रा, निर्वात साचा आणि सांधणी ही तीन तंत्रे एकत्र येत गेल्याचा परिणाम मानणे अधिक सयुक्तिक दिसते. लन्सफर्ड यांचे काम त्या वाटेवरचा एक टप्पा म्हणता येईल.

प्रसाराचे कारण मात्र वादातीत आहे. ग्राहक स्वतः वस्तू उचलून गल्ल्यावर नेतो अशी दुकाने वाढली, तसा काउंटरमागच्या कपाटातला माल खुंटीवर टांगला जाऊ लागला. वस्तू दिसली पाहिजे, खिशात मावता कामा नये आणि दुकानातच कोणी उघडून रिकामे वेष्टन मागे ठेवू नये, या तिन्ही अटी क्लॅमशेल पुऱ्या करते. बोटभर पेन ड्राइव्हला तळहाताएवढे वेष्टन असते ते यासाठी. अमेरिकेत संगीताच्या सीडी सुरुवातीला सुमारे १२ इंच लांब व ६ इंच रुंद खोक्यात विकल्या जात. जुन्या तबकड्यांच्या कप्प्यांत त्या बसाव्यात आणि चोरी अवघड व्हावी हा त्यामागचा हेतू होता. १९९३ च्या सुमारास ही पद्धत संपली. आपल्याकडे विजेच्या सामानाचा दुकानदार बल्ब लावून, पेटवून दाखवतो आणि मगच हातात देतो. सीलबंद क्लॅमशेलमधल्या वस्तूबाबत हे करताच येत नाही. ती चालते की नाही हे घरी, वेष्टन कापून झाल्यावरच समजते.

पत्रा व सांधा : पत्र्याची जाडी बहुधा ०.२५ ते ०.५ मिमी असते. पूर्वी पीव्हीसीचा वापर सर्रास होता, आता पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचे प्लॅस्टिक) व पुनर्वापरित पीईटी अधिक दिसते. वेष्टन उघडण्याचा त्रास लोक प्लॅस्टिकच्या नावावर टाकतात, पण खरी अडचण सांध्यात आहे. पीव्हीसीच्या कडा बहुधा उच्च कंप्रतेच्या विद्युत क्षेत्राने सांधतात. दोन पितळी पट्ट्यांमध्ये कड दाबून २७.१२ मेगाहर्ट्‌झचे क्षेत्र सोडले की पीव्हीसीचे ध्रुवीय रेणू त्याबरोबर हेलकावे घेऊ लागतात आणि उष्णता बाहेरून न येता पत्र्याच्या आतच निर्माण होते. काही सेकंदांत दोन्ही थर वितळून एकजीव होतात, मग दाब तसाच ठेवून सांधा थंड करतात. यात गोंद नसतो. दोन थरांमधली सीमाच उरत नाही, त्यामुळे नखाने सोलण्याजोगे काही राहत नाही.

साधे पीईटी या क्षेत्राला नीट दाद देत नाही आणि गरम पट्टीने दाबले तर स्फटिकीभवनाने पांढरे व ठिसूळ होते. म्हणून दोन्ही बाहेरच्या पृष्ठांवर पीईटीजीचा (पीईटीच्या स्फटिक न होणाऱ्या प्रकाराचा) पातळ थर आणि मध्ये पीईटी असा तीन थरांचा पत्रा वापरतात. श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या) कंपनांनीही सांधणी करतात; त्यात बहुधा सलग रेघ न पाडता ठिकठिकाणी ठिपके पाडलेले असतात. सांधताना उष्णता किंवा दाब जास्त झाला तर सांध्याच्या आतल्या कडेला पत्रा पातळ पडतो आणि उघडताना तिथून तुकडे उडतात. कमी झाला तर वेष्टन वाहतुकीतच उकलते. कारखान्याला दुसऱ्या दोषाची तक्रार येते, पहिल्याची सहसा येत नाही. साहजिकच यंत्राची जुळणी घट्ट सांध्याकडे झुकते.

हाताने का उघडत नाही : पत्रा वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ०.४ मिमीचे दोन सुटे थर एकावर एक ठेवले तर ताठपणा एका थराच्या दुप्पट होतो. तेच थर सांधून ०.८ मिमीचा एकजीव पत्रा झाला की तो आठपट होतो. बोटांच्या चिमटीत सापडते ती नेमकी ही आठपट ताठ कड. दुसरे असे की, फाटण्याला सुरुवात लागते. कापडाला दातांनी छेद दिला की पुढे सरळ फाटते, कारण सगळा ताण त्या छेदाच्या टोकाशी एकवटतो. क्लॅमशेलचे कोपरे ग्राहकाला टोचू नयेत म्हणून गोल केलेले असतात, कडा गुळगुळीत असतात. ताण एकवटायला जागाच नसते. कात्रीने अर्धवट छेद देऊन मग हाताने ओढले तर फाट सांध्याच्या रेषेने न जाता आडवीतिडवी पळते आणि मागे सुरीसारखी धार व टोके सोडते. पीव्हीसी व पीईटी दोन्ही साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसखाली काचेसारख्या कडक अवस्थेत असतात, म्हणून ही धार मऊ पडत नाही. गरम पाणी ओतणे किंवा केस वाळवायच्या यंत्राने तापवणे हा उपाय चुकीचा आहे. साच्यावर ओढलेला पत्रा तापला की मूळ सपाट आकाराकडे आक्रसतो आणि वस्तूला आणखी आवळतो. आत बॅटरी असेल तर हा प्रकार धोक्याचाही आहे.

इजा : जखमा ठरावीक जागी होतात. उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या तळहाताला, अंगठ्याच्या मुळाशी व तर्जनीला. कारणे मुख्यतः दोन. पेपर कटर किंवा सुरी दाबून ओढताना सांधा एकदम सुटतो आणि साठलेल्या जोराने पाते वेष्टन धरलेल्या हातात शिरते. किंवा एकाच बाजूने चीर पाडून त्यातून बोटे आत घातली जातात आणि वस्तू ओढून काढताना चिरेच्या दोन्ही धारा मनगटाकडून बोटांकडे हात खरवडतात. अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाच्या माहितीच्या आधारे २००४ या वर्षासाठी वेष्टन उघडतानाच्या इजांमुळे आपत्कालीन विभागात आलेल्यांची संख्या सुमारे ६,५०० सांगितली जाते. जखम लहान दिसली तरी बोटाचे टोक बधिर वाटत असेल किंवा पेर वाकत नसेल तर चेतातंतू वा स्नायुबंध तुटल्याची शक्यता असते. अशा वेळी घरी पट्टी बांधून थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशीही तेव्हाच करावी.

उघडण्याची रीत : आधी मागची बाजू उजेडात तिरकी धरून पाहावी. छिद्रांची रेघ, बाण किंवा टांगायच्या भोकाजवळ न सांधलेला कोपरा पुष्कळदा असतो, पण पारदर्शक असल्याने नजरेतून सुटतो. तो नसेल तर वेष्टन टेबलावर आडवे ठेवून आखूड, जाड पात्याची कात्री वापरावी. धातूचा पत्रा कापायची कात्री सर्वांत चांगली. सांध्यावर कापू नये, सांध्याच्या किंचित आत, जिथे दोन थर सुटे असतात तिथे कापावे. एक बाजू कापून थांबू नये. सलग तीन बाजू कापाव्यात, म्हणजे वरचा भाग बिजागरीवर उघडतो आणि हात चिरेतून घालावा लागत नाही. वस्तूपासून किमान ५ मिमी अंतर ठेवावे. चार्जरची वायर आणि वॉरंटी कार्ड बहुधा आतल्या छापील पुठ्ठ्यामागे, अगदी कडेला खुपसलेले असते व पहिल्या फटक्यात तेच कापले जाते. कमाल किरकोळ किंमत व बॅच क्रमांक छापलेला पुठ्ठा, वस्तू चालते याची खात्री होईपर्यंत, जपून ठेवावा. डबे उघडायच्या फिरत्या चाकाच्या कॅन ओपनरनेही सरळ, सपाट कड कापता येते. गोल कोपऱ्यावर मात्र तो अडकतो.

संज्ञा व मोजमाप : या त्रासातून येणाऱ्या चिडीला इंग्रजीत ‘रॅप रेज’ म्हणतात, मराठीत ‘वेष्टन-संताप’ असा शब्द करता येईल. ही संज्ञा एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ झाली. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्‌स’ या अमेरिकन नियतकालिकाने २००६ मध्ये उघडण्यास सर्वांत अवघड वेष्टनांना ‘ऑयस्टर’ पुरस्कार द्यायला सुरुवात केली. ॲमेझॉनने नोव्हेंबर २००८ मध्ये सहज उघडणाऱ्या वेष्टनांची योजना सुरू केली, तेव्हा तीत १९ वस्तू होत्या. घरपोच येणाऱ्या मालाला खुंटीवर टांगायचे नसते आणि चोरापासून वाचवायचे नसते, हा त्यामागचा विचार अचूक होता.

उघडण्याची सोय मोजता येते, हे औषधांच्या वेष्टनांनी आधीच दाखवून दिले आहे. अमेरिकेत १९७० च्या विषबाधा प्रतिबंधक वेष्टन कायद्याखालील चाचणीत ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांना वेष्टन देतात. पहिल्या पाच मिनिटांत ८५ टक्के मुलांना आणि उघडून दाखवल्यानंतरची पाच मिनिटे धरून ८० टक्के मुलांना ते उघडता येता कामा नये. दात वापरायची मुभा असते. तीच वेष्टने प्रौढांनाही देतात. १९९५ च्या दुरुस्तीपूर्वी हे प्रौढ १८ ते ४५ वयाचे असत, आता ५० ते ७० वयाचे असतात आणि त्यांतील ९० टक्क्यांना ते उघडता आले पाहिजे. क्लॅमशेलला अशी सक्तीची चाचणी नाही. आयएसओ १७४८० (२०१५) हे उघडण्याच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय मानक आहे, परंतु ते ऐच्छिक आहे. संधिवाताने बोटे आखडलेल्या माणसाच्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे आणि ती भरून काढायला खर्चिक यंत्र लागत नाही. पितळी पट्टीचा एक कोपरा घासून २ सेंमी कड न सांधलेली ठेवली तरी बोटाला पकड मिळते.

विल्हेवाट : भारतात २०२२ मध्ये दुरुस्त झालेल्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत कडक प्लॅस्टिक वेष्टने पहिल्या वर्गात येतात व ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तळावरच्या त्रिकोणात १ हा आकडा पीईटीचा, ३ पीव्हीसीचा. दिसायला दोन्ही सारखी असली तरी ती मिसळू नयेत. पीईटी सुमारे २५० अंशांना वितळते, त्या तापमानाला पीव्हीसीचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि सगळा घाणा पिवळा पडतो. पुठ्ठा वेगळा काढून रद्दीत द्यावा. कापलेल्या तुकड्यांच्या धारा आत राहतील असे ते दुमडून, वर्तमानपत्रात गुंडाळून चिकटपट्टी लावावी व मगच सुक्या कचऱ्यात टाकावे, कारण पुण्यासारख्या शहरांत हा कचरा कचरावेचक स्त्रिया हाताने वेगळा करतात.