नळपाण्याचे निर्जंतुकीकरण (ग्रामीण विदर्भ)

नळयोजनेच्या पाण्यातील रोगजंतू क्लोरिनने मारणे आणि शेवटच्या घराच्या तोटीपर्यंत ते पाणी पुन्हा नासू न देणे. शहरात हे काम जलशुद्धीकरण केंद्रात चालते. विदर्भातल्या खेड्यांत ते बहुतांशी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकावर असते.

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मोटारीने उंच टाकीत चढवून त्यात ब्लीचिंग पावडर मिसळतात. गावात तिला टीसीएल म्हणतात. प्रमाण साधारण १,००० लिटरला ५ ग्रॅम. कोरडी पावडर टाकीत ओतून देणे चूकच. प्लास्टिकच्या बादलीत ती थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली भरून ढवळायची, चुना तळाशी बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी टाकीत सोडायची. त्यानंतर अर्धा तास तरी गावाला पाणी सोडायचे नाही. जंतू मरायला तेवढा वेळ लागतोच. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरिन असतो, पण पोत्याचे तोंड उघडे राहिले, ओल किंवा ऊन लागले की तो उडून जातो. मे महिन्यात टिनाच्या खोलीत पोते ठेवले, तर पावडर नेमाने टाकूनही पाणी धोक्याचेच राहू शकते.

क्लोरिन उरला की नाही हे ओटी (ऑर्थोटोल्युडिन) चाचणीत कळते. नळाच्या पाण्यात या द्रावणाचे थेंब टाकले की ते पिवळे पडते. पाणी पांढरेच राहिले, तर क्लोरिन नाही. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरायला हवा, साथीच्या दिवसांत ०.५. नमुना टाकीजवळ घेऊन भागत नाही, तो गावाच्या टोकाच्या घरी घ्यावा. दिवसाआड पाणी येते तिथे मधल्या वेळात पाइप रिकामा असतो, आणि व्हॉल्व्हच्या खड्ड्यातले किंवा नालीतले घाण पाणी फुटक्या सांध्यातून आत ओढले जाते. खरी लागण बहुधा इथून होते.

आरोग्य विभाग पावसाळ्याआधी व नंतर पाहणी करून ग्रामपंचायतींना जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. ही व्यवस्था ढिली पडली की काय होते, ते जुलै २०२२ मध्ये मेळघाटात दिसले. पाचडोंगरी आणि कोयलारी येथे नळयोजना बंद होती, लोक उघड्या विहिरीचे पाणी पीत होते. साथ आली आणि माणसे दगावली.

क्लोरिन फक्त जंतूंवर चालतो. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातले क्षार किंवा यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांतील फ्लोराइड त्याने हटत नाही. फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५, त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडे आखडतात. अशा गावांना स्रोतच बदलावा लागतो. अकोट-तेल्हारा भागातील अनेक गावांना म्हणूनच वान धरणाचे गोडे पाणी नळाने दिले जाते.