तंबोऱ्याची जवारी आणि अंतराळातलं रॉक

आम्हा अंत्रुजकरांचं, म्हणजे गोव्यातल्या फोंडा भागातल्या लोकांचं, लहानपण देवळातल्या कीर्तनात गेलं. बुवा पूर्वरंगाचं निरूपण सुरू करतात, मागे पेटी एकच सूर धरून असते. बोलणं हळूहळू लयीत येतं आणि कधी त्याचं गाणं झालं ते कळतही नाही. सायकेडेलिक 'स्पेस रॉक'चे अल्बम पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हेच आठवलं. एकसुरी गुंजन, त्यावर कुणीतरी कविता म्हणतोय, मधेच सतार.

हे रॉक लंडनमध्ये रुजलं. १९६७ साली ब्रिटनमध्ये निघालेला पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम मेगाफोनमधून ग्रहताऱ्यांची नावं वाचणाऱ्या आवाजाने सुरू होतो. त्याच्या आदल्या वर्षी बीटल्सनी 'टुमॉरो नेव्हर नोज' या गाण्याखाली तंबोरा ठेवला होता.

तंबोराच का, हे तो जुळवताना पाहिला की समजतं. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो. तो केसभर पुढे, केसभर मागे सरकवायचा. तार आधी बोथट वाजते, मग एका नेमक्या जागी अचानक खुलते आणि एका तारेतून अनेक सूर झरू लागतात. जवारी लागली, असं आपण म्हणतो. काळ थांबल्याचा जो भास त्या पोरांना हवा होता, तो इथे विजेशिवाय मिळत होता. सतार त्यांनी बरेचदा नुसती रंगापुरती वापरली, रागाची बढत तिच्यात नाही. तंबोरा मात्र त्यांना खरोखर उमगला होता, असं माझं मत आहे.

१९६८ मध्ये मूडी ब्लूज या बँडने 'इन सर्च ऑफ द लॉस्ट कॉर्ड'मध्ये हे सगळं एकत्र आणलं. सुरुवात कवितावाचनाने, शेवटी पुन्हा कविता आणि मग सतारीच्या साथीने 'ओम'. पुढे हॉकविंड या बँडच्या १९७३च्या 'स्पेस रिच्युअल'मध्ये गाण्यांच्या मधल्या जागा रॉबर्ट कॅल्व्हर्टच्या पठणाने भरल्या.

तोवर गोवा मुक्त होऊन दशक उलटलं होतं. कळंगुट, हणजूण, वागातोरच्या किनाऱ्यांवर हिप्पी मंडळी गिटारी घेऊन उतरली होती. ऐंशीच्या दशकात गिटारींची जागा इलेक्ट्रॉनिक संगीताच्या टेपांनी घेतली. नव्वदीतल्या गोवा ट्रान्स या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतानेही जुनी सवय सोडली नाही: पूर्वेकडच्या सुरावटी आणि मधेच विज्ञानपटांतले संवाद.

ज्या सुरांच्या ओढीने ही माणसं इतक्या लांब आली, ते सूर जपणारी गावं तिथून तासाभराच्या वाटेवर होती. तरी किनारा आणि अंत्रुज फारसे भेटले नाहीत. याची मला मनापासून खंत वाटते.

केरी हे त्यांतलंच एक गाव, गायिका केसरबाई केरकरांचं. १९७७ साली 'नासा'च्या दोन व्हॉयेजर अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या गेल्या, त्यांत केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबरला. बाई गेल्या १६ सप्टेंबरला.